कॉलेज निवडताना तिथला उजेडही विचारा

आपल्या समाजातील एक पिढी गिरणीत, गोदीत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खपली. पुढची पिढी शिकली आणि पोस्टात, पालिकेत, बँकेत, शाळेत नोकरीला लागली. त्यानंतरच्या पिढीतील मुले-मुली आज लंडन, एडिंबरा, मँचेस्टर, मेलबर्न येथील विद्यापीठांचे अर्ज भरीत आहेत. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप यांमुळे, ज्या घरात कधी कुणाचा पासपोर्ट निघाला नव्हता त्या घरातील मूल विमानात बसू लागले आहे. ही बाबासाहेबांच्या चळवळीची कमाई आहे आणि तिचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

अर्ज भरताना आपण पुष्कळ गोष्टी विचारतो. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक कितवा? फी किती? आयईएलटीएसला किती गुण लागतात? राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीत भागेल काय? पुढे नोकरी मिळेल काय? हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु एक प्रश्न कुणीच विचारीत नाही. तो असा की, त्या गावात डिसेंबर महिन्यात दिवस किती तासांचा असतो, आणि तो अंधार आपल्या मुलाला किंवा मुलीला सोसेल काय?

हा प्रश्न काहींना श्रीमंतांचे चोचले वाटेल. "आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो, ह्यांना आता उजेड मोजून हवा!" असेही कुणी म्हणेल. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडीत आहे. शेवटपर्यंत वाचावे आणि मग आपणच ठरवावे.

दिवस किती तासांचा?

आपल्याकडे हिवाळा आणि उन्हाळा यांत उजेडाचा फरक फारसा जाणवत नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. नागपूर, औरंगाबाद, नांदेडकडेही थोडेफार असेच. आपल्या शरीराला हीच सवय असते. सकाळी साडेसहा-सातला उजाडते आणि संध्याकाळी सहाला मावळते, हे आपण जन्मापासून गृहीत धरलेले असते.

विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा हिशेब बदलत जातो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये दिवस सव्वानऊ तासांचा असतो, टोरांटोला नऊ तासांहून थोडा कमी, लंडनला पावणेआठ तासांहून थोडा अधिक, मँचेस्टरला साडेसात तासांच्या आसपास आणि एडिंबऱ्याला सात तासांहूनही कमी. एडिंबऱ्यात त्या दिवसांत सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीन-चाळीसला मावळतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे तर दिवस सहा तासांचाही भरत नाही. त्यातही सूर्य आकाशात वर चढत नाही, क्षितिजालगत सरकतो, आणि ढग असले की तेवढाही दिसत नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे असतो तेव्हा दुपारी चार वाजता मुंबईत ऊन तळपत असते. त्याच दिवशी लंडनमध्ये, तिथल्या घड्याळात चार वाजायच्या आत, सूर्य मावळून गेलेला असतो. सकाळी अंधारात वर्गात जायचे, दुपारभर ग्रंथालयात बसायचे आणि बाहेर यावे तो पुन्हा अंधार! असे आठवडेच्या आठवडे चालते. त्यातच इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. त्यामुळे संध्याकाळ एका दिवसात तासभर अलीकडे येते. नवीन मुलाला हा धक्काच असतो.

हा आजार आहे, आळस नव्हे

या अंधाराचा काही माणसांच्या मनावर आणि शरीरावर परिणाम होतो. त्याला इंग्रजीत सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात. आपण त्याला ऋतूनुसार येणारे नैराश्य म्हणू. १९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. डॉ. रोझेंथाल हे स्वतः दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग या उन्हाच्या शहरातून १९७६ साली पुढील प्रशिक्षणासाठी न्यूयॉर्कला आले होते. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात तो परत येतो, हे त्यांना स्वतःच्याच अनुभवावरून जाणवले होते. म्हणजे उन्हाच्या देशातून थंड देशात शिकायला आलेल्या माणसानेच हा आजार ओळखला!

याचे कारण थोडक्यात असे. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. डोळ्यांच्या पडद्यावरील काही पेशी बाहेरच्या उजेडाची वार्ता त्या घड्याळाला देतात. त्यावरून झोप, भूक, अंगातील तरतरी यांचे वेळापत्रक ठरते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य शरीरात वाढते आणि आपल्याला झोपेची चाहूल लागते. सकाळच्या लख्ख उजेडाने ते कमी होते. पहाटेचा उजेडच उशिरा आला तर काही जणांच्या शरीरातील घड्याळ मागे पडते. बाहेर नऊचा वर्ग सुरू झालेला असतो आणि शरीराच्या मते अजून रात्र असते. याखेरीज मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याशीही याचा संबंध जोडला जातो.

लक्षणे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण ती नेहमीच्या नैराश्यापेक्षा थोडी वेगळी असतात. नैराश्यात झोप उडते, अन्न जात नाही, हे आपण ऐकलेले असते. इथे बहुधा उलट घडते. माणूस दहा-दहा, अकरा-अकरा तास झोपतो आणि तरी ताजेतवाने वाटत नाही. भात, पाव, बटाटा, गोड यांची हाव सुटते, वजन वाढते. हातपाय जड वाटतात. पुस्तक उघडले तर एकच पान तीनदा वाचावे लागते. मित्रांत जावेसे वाटत नाही, फोन उचलावासा वाटत नाही. आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये उतरते. बहुधा ऐन तरुण वयात, म्हणजे नेमके कॉलेजच्या वयात, हा आजार पहिल्यांदा डोके वर काढतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

तो सर्वांना होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उन्हाच्या फ्लोरिडातील सारासोटा गावी शंभरात दीडहूनही कमी लोकांत आणि उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ गावी शंभरात जवळजवळ दहा लोकांत तो आढळला होता. उलट अगदी उत्तरेला असलेल्या आइसलँडमध्ये तो अपेक्षेपेक्षा कमी निघाला, असे १९९३ सालच्या पाहणीत दिसले. म्हणजे नकाशा हा एकच निकष नव्हे. परंतु ज्या मुलाला किंवा मुलीला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, किंवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात असा आजार आहे, त्यांनी अधिक सावध राहिले पाहिजे.

अठरा तासांचा आदर्श आणि अकरा तासांची झोप

आपल्या घरांत ही लक्षणे दिसली की काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. कामगार वस्तीतला एक हुशार मुलगा शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडच्या उत्तर भागात एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. जाताना विहारात त्याचा सत्कार झाला. सप्टेंबर-ऑक्टोबर बरे गेले. नोव्हेंबरात त्याचे फोन कमी झाले. डिसेंबरात त्याने वडिलांना सांगितले, "पप्पा, मला सकाळी उठवतच नाही. दुपारी बाराला डोळे उघडतात." वडील म्हणाले, "बाळा, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तू बारा वाजेपर्यंत झोपतोस?" त्यानंतर मुलाने झोपेविषयी एक शब्द काढला नाही. खोटेच "सगळं ठीक आहे" म्हणत राहिला. जानेवारीत दोन निबंध द्यायचे राहिले. पुढे तिथल्या एका वर्गमैत्रिणीने त्याला जवळजवळ हाताला धरून डॉक्टरकडे नेले. उपचार झाले, मुदत वाढवून मिळाली आणि पोरगा वर्षअखेर पास झाला. वर्गमैत्रीण नसती तर काय झाले असते, हा विचार आपण सर्वांनी करावा.

त्या वडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. आयुष्यभर पाळी करून त्यांनी मुलाला शिकवले. त्यांच्याजवळ धीर देण्यासाठी जो सर्वांत मोठा आदर्श होता तोच त्यांनी पुढे केला. आपण जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, ते चांगलेच आहे. पण आजारी पडलेल्या मुलाला तोच आदर्श काठीसारखा लागतो. त्याला वाटते की मी नुसता नापास होत नाही, मी बाबासाहेबांना कमीपणा आणतो आहे. आणि मग तो गप्प बसतो.

बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कचे हिवाळे काढले, पुढे लंडनचे काढले, अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस घालविले हे खरे आहे. त्यांच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता. परंतु त्यांनी जे सोसले ते आपल्या लेकरांना सोसावे लागू नये यासाठीच त्यांनी सारा खटाटोप केला. आणि आजार लपवायला त्यांनी कधी शिकविले नाही. त्यांना मधुमेह होता, तब्येतीच्या इतर तक्रारी होत्या, आणि त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. भगवान बुद्धांचीही शिकवण पाहा. सोण नावाच्या भिक्खूने चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत कष्ट घेतले, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि फार सैल सोडली तरी वाजत नाही. आणि विनयपिटकात अशीही हकीकत आहे की, एका आजारी भिक्खूकडे कुणी पाहत नव्हते तेव्हा भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला न्हाऊ घातले, स्वच्छ केले. आपण त्या धम्माचे उपासक आहोत. आजाऱ्याला आळशी म्हणणे आपल्याला शोभत नाही.

कॉलेज निवडताना काय पाहावे?

माझे म्हणणे असे मुळीच नाही की थंड देशात जाऊ नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत या लेखाचा आधार घेऊन कुणी "तिथे आजार होतो, तू इथेच शीक" असे म्हणू लागेल तर तो या लेखाचा गैरवापर होईल. जायचेच आहे, पण डोळे उघडे ठेवून जायचे आहे. अर्ज करताना साधारण तोलामोलाची चार-पाच विद्यापीठे आपल्या यादीत असतात. त्यांच्यात निवड करताना पुढील गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक गावचा डिसेंबरमधील सूर्योदय व सूर्यास्त. ही माहिती मोबाईलवर कुणीही पाहू शकतो. लंडन आणि एडिंबरा यांच्यात जवळजवळ एका तासाचा फरक पडतो. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिस यांच्यातही अर्ध्या तासाहून अधिक फरक आहे. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असतात. तिथला हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि मेलबर्नचा सर्वांत लहान दिवस साडेनऊ तासांचा असतो.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम किती वर्षांचा आणि त्यातले अवघड आठवडे कोणते. इंग्लंडमधील पदव्युत्तर शिक्षण बहुधा सप्टेंबरपासून एक वर्षाचे असते. पहिल्या सत्राचे निबंध आणि परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन अंधारात येतात. एकच हिवाळा काढायचा असतो, पण तोच निर्णायक असतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दोन हिवाळे येतात, मात्र सावरायला वेळ मिळतो. ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याने ही तुलना अवश्य करावी, आणि शक्य तर जाण्यापूर्वी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून यादी पक्की करावी.

तिसरी गोष्ट, विद्यापीठाची मदत. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक आहेत काय, भेटीला किती आठवडे थांबावे लागते, आजारपणात निबंधाची मुदत वाढवून मिळण्याचे नियम काय आहेत, हे ई-मेल करून विचारावे. विचारल्याने प्रवेश नाकारला जाईल अशी भीती बाळगू नये. इंग्लंडमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार दीर्घकाळ टिकणारा मानसिक आजारसुद्धा अपंगत्वाच्या व्याख्येत बसू शकतो आणि तसे असल्यास विद्यापीठाला वाजवी सोयी द्याव्या लागतात. 'अपंगत्व' या शब्दाने आपण दचकतो. पण आपण हक्कांची भाषा जाणणारा समाज आहोत. हा हक्क आहे, भीक नव्हे.

चौथी गोष्ट, खोली. स्वस्त म्हणून तळघरातली खोली घेण्याकडे आपल्या मुलांचा कल असतो. दहा-वीस पौंड वाचतात, पण दिवसभर दिवा लावून बसावे लागते. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो. म्हणून दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली मिळाली तर घ्यावी.

पाचवी गोष्ट शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्राची. त्यातील अटी सही करण्यापूर्वी पूर्ण वाचाव्यात. आजारपणामुळे अभ्यास लांबला तर कुणाला, किती दिवसांत, कोणत्या कागदासह कळवायचे हे आधीच माहीत असावे. आमच्या कारकुनी जगात एक नियम आहे. तोंडी सांगितलेले कुठेही नोंदले जात नाही, कागद मात्र बोलतो. डॉक्टरांचे पत्र, तारखा, ई-मेलच्या प्रती जपून ठेवाव्यात.

आपल्याच देशात दिल्लीला जाणाऱ्या मुलांनीही थोडे लक्ष द्यावे. दिल्लीचा सर्वांत लहान दिवस दहा तासांहून थोडा मोठा असतो, म्हणजे लंडनइतकी स्थिती नाही. पण डिसेंबर-जानेवारीतील धुके आणि धूर यांमुळे अनेक दिवस ऊन नीट दिसत नाही. मुंबई-नागपूरकडच्या मुलांना ते नवे असते.

गेल्यावर काय करावे?

इंग्लंडचा व्हिसा काढतानाच विद्यार्थ्याला आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड करण्यात आला. एवढे पैसे भरूनही अनेक मुले तिथल्या डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नावच नोंदवीत नाहीत. पहिल्याच आठवड्यात ती नोंदणी करावी. आजारी पडल्यावर रांग शोधत बसू नये.

रोज सकाळी उजाडल्यानंतर अर्धा-पाऊण तास बाहेर चालावे. घरातील दिव्याचा उजेड काही शे लक्सच असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. या आजारासाठी खास दिवेही मिळतात. १०,००० लक्सचा दिवा सकाळी उठल्याबरोबर २० ते ३० मिनिटे, त्यावर सांगितलेल्या अंतरावर ठेवून बसायचे असते. त्याच्याकडे टक लावून पाहायचे नसते, समोर ठेवून चहा घ्यावा, वाचावे. अतिनील किरण गाळणाराच दिवा घ्यावा. डोळ्यांचा आजार असेल किंवा पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. अशा दिव्याची किंमत एका महिन्याच्या खोलीभाड्यापेक्षा पुष्कळच कमी असते.

बोलण्याच्या उपचाराचाही उपयोग होतो. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात डॉ. केली रोहन यांच्या संशोधनात, विचार आणि सवयी बदलण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या लोकांत, दिव्याचा उपचार घेतलेल्यांपेक्षा दुसऱ्या हिवाळ्यात आजार कमी प्रमाणात उलटला. काहींना औषधेही लागतात. ती डॉक्टरांनीच द्यावीत, आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत. ड जीवनसत्त्वाविषयीही सांगतो. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. हाडांसाठी ते चांगले आहे, पण तेवढ्याने नैराश्य जाते असे समजू नये.

आणखी एक धोका रात्रपाळीचा. व्हिसाच्या नियमानुसार पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. घरी पैसे पाठविण्याच्या ओढीने मुले गोदामात रात्रीचे काम धरतात आणि दिवसा झोपतात. मग आधीच सात-आठ तासांचा असलेला उजेड पूर्णपणे हातचा जातो. काम करायचेच तर दुपारनंतरचे किंवा संध्याकाळचे पाहावे.

डॉक्टर कधी कधी म्हणतात की लागोपाठ दोन हिवाळे असे झाल्याशिवाय या आजाराचे नाव पक्के करता येत नाही. ते बरोबर आहे. पण एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलाला दुसरा हिवाळा तिथे येणारच नाही. म्हणून नावासाठी थांबू नये. दोन आठवडे मन उदास आहे, उठवत नाही, अभ्यास होत नाही, एवढे सांगितले तरी उपचार सुरू होतात.

घरच्यांनी काय करावे?

आपण इकडे रात्री आठला जेवणे आटोपून फोन लावतो, तेव्हा हिवाळ्यात इंग्लंडमध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. म्हणजे उजेडाचा शेवटचा तास! मुलाला सांगा, "फोन कानाला लावून बाहेर चालत चालत बोल." बोलणेही होईल आणि ऊनही मिळेल.

"अभ्यास किती झाला?" याआधी "सकाळी कितीला उठलास? बाहेर गेला होतास का? जेवलास काय?" हे विचारा. आवाज जड वाटला, फोन टाळू लागला, तर रागावू नका. "तुला बरं नाही, डॉक्टरकडे जा, निबंध राहिला तरी चालेल" हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडून येणे फार मोलाचे असते. काही घरांत अजूनही कुणी नजर लागली म्हणते, कुणी दोरा-गंडा सुचविते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्याला जागा नाही.

तिकडे आपली माणसेही आहेत. लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, तिथे आता स्मारक आहे. वुल्व्हरहॅम्प्टनला पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी बांधवांनी उभारलेले बुद्ध विहार आहे. मुलांनी जाताना अशा ठिकाणांचे पत्ते सोबत न्यावेत. महिन्यातून एकदा आपल्या माणसांत बसून वंदना म्हणणे हेही औषधच आहे.

प्रत्येक उदासी सूर्याची नसते

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या मुलांचे सगळे दुःख हवामानावर ढकलता येणार नाही. २०१६ साली हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांना आपण गमावले. तिथे उन्हाची कमतरता नव्हती. जातीवरून होणारा अपमान, एकटे पाडणे, अडवलेली शिष्यवृत्ती यांवर दिव्याचा उपाय चालत नाही. तिथे तक्रार, संघटना आणि कायदाच लागतो. परदेशातही भारतीय विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आडनाव विचारणारे भेटतात. म्हणून मुलाने स्वतःला विचारावे की, उजेड वाढला तसे मन हलके होते काय? की मार्च उलटला तरी दगड तसाच आहे? आणि दोन्ही एकत्र असू शकतात. अंधाराने खचलेल्या मनाला अपमान दुप्पट लागतो. दोन्हींवर वेगवेगळे इलाज करावे लागतात.

जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र क्षणभरही थांबू नये. आपल्या देशात टेली-मानस ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, ती विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. इंग्लंडमध्ये समॅरिटन्स या संस्थेचा क्रमांक ११६ १२३ आहे आणि जिवावर बेतले असेल तर ९९९. हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये जाण्यापूर्वीच घालून द्यावेत.

आपल्या कार्यकर्त्यांना आणि विहार समित्यांना विनंती आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचा सत्कार करताना शाल-पुष्पगुच्छासोबत त्या गावच्या डिसेंबरचा सूर्योदय-सूर्यास्त लिहिलेला एक कागद आणि पूर्वी तिथे शिकून आलेल्या एका ताई-दादाचा फोन नंबर द्या. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत दर पंधरवड्याला त्या मुलाला एक फोन करण्याची जबाबदारी समितीतील एकाने घ्या. सत्काराला शंभर माणसे जमतात, फोन करायला एकच पुरेल.